दोन भोंग्यांच्या मध्ये

फायरवॉल हा शब्द मी कॉलेजात शिकले होते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटरचा एक पेपर होता, त्यात दोन मार्कांचा प्रश्न आला होता. मी लिहिलं, बाहेरच्यांना आत येऊ न देणारी भिंत. दोनपैकी दोन मिळाले. ती आतल्यांनाही बाहेर जाऊ देत नाही, हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी ती भिंत बघत बसले होते. लॅपटॉपच्या पडद्यावर पाच-सहा बटणं, सगळी राखाडी, दाबली तरी न दबणारी. वर एक ओळ होती, की ही सेटिंग्ज तुमचं सुरक्षा सॉफ्टवेअर सांभाळत आहे. माझ्या कानाशी फोन होता, आणि फोनवर नागपूरच्या दवाखान्यातला विनोद. त्यांची कॉम्प्युटरं तोच बघतो.

"मॅडम, मंग ते सॉफ्टवेअर उघडा ना. त्याच्यात फायरवॉल दिसन."

"उघडलं. पासवर्ड मागून राह्यलं."

"टाका मंग."

"माहीत नाई."

"लॅपटॉप तुमचाच हाये ना, मॅडम?"

लॅपटॉप आमचाच होता. पासवर्ड माझ्या नवऱ्याने, राजदीपने ठेवला होता, आणि तो मला माहीत नव्हता, कारण मीच त्याला सांगितलं होतं की मला सांगू नको. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या सुगंधाबाईंच्या मोबाइलवर कोणीतरी 'आज रात्री वीज कापतो' म्हणून लिंक पाठवली आणि त्यांच्या फोनमधलं सगळं नेलं. त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. लॅपटॉपवर आमच्या लेकीचे, दिव्यानीचे सगळे रिपोर्ट, सगळे फोटो. मी राजदीपच्या मागे लागले, काहीतरी टाक, कुलूप लाव. त्याने टाकलं. मग मी म्हणाले, पासवर्ड मले सांगू नको. मी दिवसभर घरी, फोन मीच उचलते. कोणी घाबरवलं तर मी सांगून देईन. तू कोणाले सांगू नको, कोणी माझं नाव घेऊन विचारलं तरी नको.

राजदीपची एक सवय आहे, चांगली म्हणा की वाईट. तो सांगितलेलं ऐकतो.

"साहेबांले फोन लावा ना मंग," विनोद म्हणाला.

"ते खाणीत आहेत. फोन गेटवर जमा असतो."

"अर्जंट हाये म्हणा."

"दुपारी ब्लास्टिंग असते. गेटवाल्याले विचारलं. तो म्हणे, दगड फुटल्याबिगर कोणी हलत नाई. अडीचले फोन करा."

विनोदने सुस्कारा सोडला. तोही दमला असावा. "मॅडम, दोन ते पावणेतीन तुमची वेळ हाये. नंदिनी मॅडमची पुढची पेशंट बरोबर पावणेतीनले बसते. बघा तुमच्याकडून काय होते तं."

दिव्यानी साडेतीन वर्षांची आहे. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी नागपूरला तिच्या कानाचं ऑपरेशन झालं. आत एक यंत्र बसवलं. बाहेर कानामागे एक मशीन लागतं आणि केसांत एक गोल चकती लोहचुंबकाने चिकटते. मशीनमध्ये आवाज किती सोडायचा ते कॉम्प्युटरवरून ठरवतात. ते नंदिनी मॅडम करतात. मागच्या महिन्यात त्यांनी आवाज वाढवून दिला. पहिले दोन दिवस बरे गेले. मग दिव्यानी मशीन उपटून फेकायला लागली. सकाळी लावून घ्यायची, आणि दुपारी कधीतरी एकदम ओढून काढायची. मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू द्यायची नाही. हात नेला की चावायची. असे सतरा दिवस झाले.

मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "एकतर आवाज जास्त होतोय, नाहीतर आतल्या यंत्रात बिघाड आहे. तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही."

"बिघाड असला तर?"

"आधी तपासू या ना."

"तरी, मॅडम."

"तर मग पुन्हा उघडावं लागेल."

उघडावं लागेल, म्हणजे तिचं डोकं. पहिल्या ऑपरेशनची रेघ अजून केसांच्या खाली बोटाला लागते. तिला तेल लावताना मी ती जागा टाळून लावते.

नागपूरला जायचं तर पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची होती. म्हणून दवाखान्याने घरी एक पेटी पाठवली होती. त्यात हातात मावेल एवढी डबी आणि वायर. वायर मशीनला लावायची, डबी लॅपटॉपला, मग मॅडम नागपुरातून तपासणार आणि दुरुस्त करणार. पेटी दोन दिवसांसाठीच होती. गुरुवारी ती सिंदेवाहीला जायची होती, तिथेही असंच एक लेकरू आहे. तर आज दोन ते पावणेतीन, एवढीच काय ती वेळ. आणि आमच्या लॅपटॉपने दवाखान्याचा प्रोग्राम चोर समजून बाहेर अडवून ठेवला होता.

मी अंदाजाने पासवर्ड टाकून बघितले. दिव्यानीची जन्मतारीख. आमच्या लग्नाची तारीख. राजदीपच्या गाडीचा नंबर. सासऱ्यांचं नाव, वामनराव, आणि पुढे त्यांचं निवृत्तीचं साल. चार चुका झाल्यावर पडद्यावर लाल अक्षरं आली, की आणखी एक चुकलं तर अर्धा तास काहीच उघडणार नाही. मी हात मागे घेतला. सॉफ्टवेअर काढूनच टाकावं म्हणून बघितलं, तर काढायलाही पासवर्ड. लॅपटॉप बंद करून चालू केला. ते माझ्या आधी उठून बसलं होतं.

सासूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. त्यांचं नाव रुखमा. त्यांनी तांदळाचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कुलपाची किल्ली त्याच्यापाशी हाये म्हणतं?"

"किल्ली नाई, आई. शब्द आहे. त्याच्या डोक्यात आहे."

"मंग लटारूले सांगू ना. त्याच्यापाशी तो बोलायचा डबा हाये."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लटारूभाऊ खाणीचे झेंडीवाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे रस्ता खाणीकडे वळतो, तिथे ब्लास्टिंगच्या आधी लाल झेंडी घेऊन उभे राहतात आणि येणारी-जाणारी वाहनं थांबवतात. त्यांच्याजवळ वॉकीटॉकी असतो. सगळं संपलं की आमच्याच दारात पाणी पितात, सासूबाईंशी दोन शब्द बोलतात आणि सायकल घेऊन जातात. मी रोज बघते. माझ्या डोक्यात आलं नाही.

पावणेदोनला सासूबाई डोक्यावर पदर घेऊन वळणापर्यंत गेल्या. मी दारातून ऐकत होते.

"लटारूभाऊ, आमच्या राजदीपले विचारा बरं, कुलपाचा शब्द काय ठेवला."

"कोणत्या कुलपाचा, बाई? कपाटाच्या?"

"कापुटरच्या."

"कपाटालेच म्हणतो मी."

"तुमचेबी कान तपासा लागते वाट्टे," सासूबाई म्हणाल्या. "पोरीच्या मशीनचं हाये. नागपूरची डॉक्टरीण थांबून हाये तिथी."

लटारूभाऊ हसायचे थांबले. मान हलवली. "आता नाई, बाई. बारूद भरलेला हाये. आता ह्या डब्यावर नुसता फोरमन बोलते. मी दुसरं काई बोललो तं उद्यापासून मले झेंडी घेऊन घरीच उभं राहा लागन. दुसरा भोंगा झाला का मी सोता येतो. पहिला भोंगा, मंग धडाका, मंग दुसरा. तेवढा दम धरा."

"किती वेळ लागन?"

"दगडाले विचारा."

गडचांदूरमध्ये आम्ही सहा वर्षं राहतो. भोंगा रोज होतो, रविवार सोडून. कधी पावणेदोनला, कधी दोन-सव्वादोनला. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी दचकायचे. मग मला तो ऐकू येईनासा झाला. पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही, तसं. मला विचारलं असतं की आज भोंगा झाला का, तर मी मांडणीकडे बघून सांगितलं असतं. धडाका झाला की भांडी हलतात, आणि एखादा पेला सरकून पुढे येतो.

धडाक्याचं मात्र आमच्या घरात कौतुक होतं, कारण तो दिव्यानीचा लाडका. ऑपरेशनच्या आधी तिला जगातली तेवढी एकच गोष्ट 'ऐकू' यायची. जमीन हादरली की ती दोन्ही तळवे फरशीवर टेकवायची आणि खदखदून हसायची. रांगायला लागायच्या आधीपासून. राजदीप कामावरून आला की आम्ही त्याला सांगायचो, आज तुझ्या धडाक्याला पोरगी हसली.

मी दोनला पाच कमी असताना तिला मशीन लावलं. आज बाबा येणार, लाडू देणार, हातवाऱ्यांनी सगळं खोटं सांगून. तिने लावून घेतलं. वायर डबीला, डबी लॅपटॉपला. फोनवर व्हिडिओ लावला. व्हिडिओला कोणी अडवत नव्हतं, अडत होतं ते फक्त मॅडमचा हात आमच्या लॅपटॉपपर्यंत पोचण्यात. नंदिनी मॅडमचा चेहरा दिसला. त्या चहा पीत होत्या.

"नूतनताई, काय झालं? आत येता येत नाहीये मला."

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच भांडणाऱ्या बाईसारखा वाटला.

"ठीक आहे. मी थांबते. तुम्ही जरा पाणी प्या," त्या म्हणाल्या. "वही ठेवली होती का, मी सांगितली होती ती?"

वही होती. मी सगळं लिहून ठेवते. दिव्यानीने कधी काढलं, त्याआधी काय खाल्लं, अंगात ताप होता का, कोणी आलं होतं का. सतरा दिवसांची पानं भरली होती आणि त्यातून मला काहीच कळलं नव्हतं. मी वही मांडीवर उघडली, वाचायला नाही, हाताला काहीतरी हवं म्हणून. आणि भोंग्याची वाट बघत बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

दोन वाजले. दोन वाजून चार मिनिटं झाली. सासूबाई दारात उभ्या होत्या. दिव्यानी प्लॅस्टिकचे डबे एकात एक घालत बसली होती. मी एका डोळ्याने घड्याळ बघत होते, एका डोळ्याने तिला.

दोन वाजून सात मिनिटांनी भोंगा झाला.

आधी खालून, घसा खाकरल्यासारखा, मग वर वर चढत, मग त्या उंचीवर थांबून राहिलेला. मी नीट ऐकला. एवढा मोठा आवाज रोज माझ्या घरातून जातो? आणि माझ्यासमोर दिव्यानीचा चेहरा चुरगळला. तिच्या हातातला डबा पडला. तिने वायरीसकट मशीन उपटलं आणि भिंतीकडे फेकलं. मग शांत झाली. थोड्या वेळाने जमीन हादरली, पेला सरकला, तिने तळवे फरशीवर टेकवले आणि हसली.

मी वही बघितली. काढलं, १.५०. काढलं, २.०५. काढलं, १.४५. काढलं, २.१५. रविवार, रकाना रिकामा. त्याच्या पुढे मी कंसात लिहिलं होतं, बाबा घरी असल्यामुळे खूश असावी. दुसरा रविवार, रिकामा. तिसराही.

"आई," मी म्हणाले, "ते भोंग्याले काढते."

"काय?"

"भोंगा झाला का काढते. ते भोंगा ऐकून राह्यली, आई."

सासूबाईंनी काही क्षण माझ्याकडे, मग नातीकडे बघितलं. "धडाका तं आवडते तिले," त्या म्हणाल्या, आपलीच चूक असल्यासारख्या.

मला हसू आलं नाही, रडूही नाही. आनंद व्हायला हवा होता, पण तो यायला जागा नव्हती. सतरा दिवस मी खाण्यात शोधलं, तापात शोधलं, सुगंधाबाईंच्या नजरेतसुद्धा शोधलं. आणि ते सगळ्या गावाच्या डोक्यावरून रोज ओरडत जात होतं. हा माझा अंदाज होता. आतलं यंत्र ठीक आहे की नाही, ते त्या भिंतीपलीकडच्या बाईलाच कळणार होतं.

दोन वाजून एकवीस मिनिटांनी दुसरा भोंगा झाला. लटारूभाऊ झेंडी गुंडाळत आले आणि पाणी न पिताच वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"फोरमन साहेब, लटारू बोलतो. राजदीप डंपरवाल्याले द्या जरा. घरचं काम हाये."

खरखर झाली. मग राजदीपचा आवाज. "हां, बोला भाऊ."

"तुह्या बायकोले कापुटरचा शब्द पाह्यजे. लवकर सांग."

"तो सांगता येत नाई, भाऊ."

"काऊन?"

"तिनंच सांगितलं हाये. माझ्या नावानं कोणी विचारलं तरी सांगू नको म्हणून."

मी कपाळावर हात मारला. लटारूभाऊंनी डबा माझ्यापुढे धरला. "घ्या, तुमीच बोला. हे बटन दाबून ठेवा."

"राजदीप, मी आहे. सांग. मॅडम थांबल्या आहेत."

"तूच हायेस कशावरून?" तो म्हणाला. त्याच्या मागे कोणीतरी हसलं. "आवाजाची नक्कल करते म्हणे आजकाल. तूच दाखवलं होतं व्हिडिओत."

"राजदीप!"

"आज डब्यात काय होतं, सांग."

"वांगं आणि लाखोरीची डाळ. आणि डाळीत मीठ जास्त पडलं, आणि तू ते सांगितलं नाई, कारण मी सकाळी रडत होते. आता सांगतो का?"

खरखरीत बरीच माणसं एकदम हसली. त्या डब्यावर अख्खी खाण असते हे मला तेव्हा लक्षात आलं. राजदीपने घसा साफ केला. "डंपर. इंग्रजीत. डी मोठा, बाकी लहान. मंग एकतीस. मंग ॲटचं चिन्ह."

"डंपर एकतीस," दुसऱ्या कोणाचा तरी आवाज आला, "लिहून घेतलं रे भाऊ!"

मी टाकलं. तो पाचवा आणि शेवटचा प्रयत्न होता. टाकताना प्रत्येक अक्षर दोनदा बघितलं. कुलूप उघडलं. विनोद मॅडमच्या शेजारी येऊन फोनवर सांगत गेला, "फायरवॉलमध्ये जा. अडवलेल्या प्रोग्रामची यादी. हां, तो आपला. परवानगी द्या. सेव्ह करा. आता राखाडी दिसते का निळं?" निळं दिसत होतं. दोन वाजून तीस मिनिटांनी पडद्यावरचा बाण आपोआप हलला. मॅडमचा हात आत आला होता.

दिव्यानी मशीन लावू देईना. मी तिला मांडीत घट्ट धरलं, सासूबाईंनी तिच्यापुढे स्वतःच्या कानामागे बाटलीचं झाकण धरून नाचवलं. तिने त्यांच्याकडे बघितलं तेवढ्यात मी चकती चिकटवली. मॅडमने एक तपासणी लावली. पडद्यावर बावीस ठिपके, आतल्या यंत्राच्या एकेका भागाचा एक, एकामागून एक रंग भरत जाणारे. मी मोजत होते. सतराव्याला रंग थांबला, मग पुढे गेला.

"सगळे ठीक आहेत," मॅडम म्हणाल्या. "आतलं यंत्र उत्तम चाललंय. आता सांगा, तुम्ही मघाशी काय म्हणत होता, भोंगा?"

मी सांगितलं. वहीचं पान कॅमेऱ्यापुढे धरलं. रविवार दाखवले. त्या पान बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरचा आवाज, म्हणजे मोठ्यात मोठा किती सोडायचा तो, मी मागच्या वेळी जास्तच वाढवला. दवाखान्याच्या शांत खोलीत बसून वाढवला. तुमच्याकडे रोज असा भोंगा होतो, हे मी कधी विचारलंच नाही."

"मी पण सांगितलं नाही, मॅडम. मला तो ऐकूच येत नव्हता."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी वरची मर्यादा खाली आणली, बावीसही ठिकाणी, एकेक करून. तीन मिनिटं उरली होती तेव्हा म्हणाल्या, "एवढ्याने त्रास कमी होईल, भोंगा बंद होणार नाही. तिला आधी कळायला हवं, की आता आवाज येणार आहे. अचानक आला की घाबरते. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी आधी दाखवता येईल का?"

दारात लटारूभाऊ अजून उभे होते. पेला रिकामा झाला होता, तरी ते गेले नव्हते. त्यांच्या काखेत झेंडी होती.

राजदीप संध्याकाळी आला. पायरीवर बसून बूट काढत म्हणाला, "सगळे मले डंपर एकतीस म्हणून राह्यले. पासवर्ड बदलायचा का?"

"बदल."

"काय ठेवू?"

"काहीही ठेव. पण ह्या वेळी मले सांगून ठेव."

"आणि कोणी घाबरवलं तं?"

"तं मी त्याले विचारीन, डब्यात काय होतं." मी भाकरी तव्यावर टाकली. मला एवढी झोप येत होती की भाकरीची वाफ डोळ्यांवर बरी वाटत होती.

बुधवारी पेटी बांधून ठेवली, सिंदेवाहीच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवली. पावणेदोनला दिव्यानीला कडेवर घेऊन मी वळणावर जाऊन उभी राहिले. लटारूभाऊंनी आम्हाला बघितलं. एरवी ते झेंडी झटक्यात उघडतात. आज त्यांनी ती हळूहळू उलगडली, एकेक वळी, दुकानदार लुगडं दाखवतो तशी, आणि दिव्यानीच्या डोळ्यांपुढे धरली. मग दुसऱ्या हाताने स्वतःचा कान दाखवला. दोन सायकलवाले आणि एक ऑटोवाला थांबून बघत होते.

"काय चालू हाये, लटारूभाऊ?" ऑटोवाल्याने विचारलं.

"शाळा," ते म्हणाले. "चूप बस."

भोंगा चढला. दिव्यानीचं अंग माझ्या कडेवर ताठ झालं. तिचा हात मशीनकडे गेला. तिने ते मुठीत धरलं. मी तिचा हात धरला नाही. धरावासा फार वाटत होता. ती झेंडीकडे बघत होती आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला होता. भोंगा त्या उंचीवर थांबला, थांबूनच राहिला, आणि मग खाली उतरला. तिने मूठ सोडली. मशीन जागेवर होतं. ती माझ्या अंगावरून घसरायला लागली. तिला खाली, रस्त्यावर, तळवे टेकवायचे होते.

घरी येऊन मी वही उघडली. तारीख लिहिली. काढलं, एवढं लिहून पेन थांबलं. मग ते खोडलं आणि रकाना रिकामा ठेवला, रविवारसारखा.